किशोरीच्या घरातला आवाज

गुरुदासची होडी देवबागच्या समुद्रात उलटली आणि त्याचं प्रेत काही मिळालं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी शेजारीपाजारी सांगू लागले, की तिन्हीसांजेला त्याच्या घरातून पुटपुट ऐकू येते. दारं-खिडक्या बंद, आणि आत कोणीतरी दबक्या आवाजात, विनवण्या कराव्यात तसं बोलतंय. गुरुदास बायकोला भेटायला येतो, असं वाडीत ठरूनच गेलं.

बोलायची ती किशोरी. नवरा गेल्यावर ती थोडे दिवस माहेरी सावंतवाडीला राहिली, तेव्हा शेजारच्या विनीताताईबरोबर प्रार्थनेला जाऊ लागली. एका रविवारी रडता रडता तिला आपल्या उरावरचा धोंडा कोणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ती येशूची झाली. पण सासरी हे सांगायची हिंमत होईना, म्हणून ती दारं लावून घ्यायची.

"ज्याने तुला उजेडात आणलं, त्याच्याशी अंधारात कसली बोलतेस?" विनीताताई फोनवर विचारायची.

किशोरी विषय बदलायची. भुताच्या भीतीने कोणी दाराशी फिरकत नव्हतं. तिला ते सोयीचंच होतं.

एका संध्याकाळी ती मागीलदारी गेली, तर पायरीवर केळीचं पान वाढलेलं. भात, वर पेडवे माशांचं तिखलं. पलीकडे माडाखाली सासू उभी होती. ही हौसाबाई किशोरीच्या दिराच्या घरी राहायची.

"काल मांजरान खाल्ल्यान," ती कुजबुजली. "आज तो जेवतलो. तू थंय उभी रवा नको गो, बुजात तो."

किशोरी पायरी उतरून खाली आली. हे भूत तिनेच उभं केलं होतं, आणि म्हातारी त्याला जेवू घालत होती.

"आये, ते येणत नाय," ती कशीबशी म्हणाली. "आवाज माजो. दार लावन येशूची प्रार्थना करतंय मी. मी त्याची झालंय."

हौसाबाईने पुढे येऊन मुलासाठी वाढलेलं पान उचलून घेतलं.

"मगे माजो झील खंय आसा?"



वाडीत बोभाटा झाला. दिराने बोलणं टाकलं. विहिरीवर तिची कळशी भरेपर्यंत बायका लांब उभ्या राहू लागल्या. लोक भुताला भीत होते तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. पण तिने दार पुन्हा लावलं नाही. तिन्हीसांजेला ओटीवर बसून ती मोठ्याने प्रार्थना करायची. पाठीमागे उघड्या घरात काळोख साचायचा आणि खरंच आत कोणी आहे की काय, असं तिलाही वाटून जायचं. आवाज कापायचा, तरी ती थांबायची नाही.

चतुर्थी उलटल्यावर एक दिवस हौसाबाई आली आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तुज्या देवाक माज्या झिलाचा नाव सांग."

किशोरीने आजवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिने डोळे मिटले.

"गुरुदास," ती म्हणाली.

"ओ," त्याच्या जागी हौसाबाईनेच हळूच उत्तर दिलं, आणि मग ती रडू लागली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच.