बासमधला रैनो

“गप्प बसा! रैनो आलाय!”

आल्पोने दोन्ही हात वर केले आणि कोइवुलांपीच्या तळ्याकाठचा अख्खा नाचमंडप चिडीचूप झाला. बायकांच्या फेरीचा टँगो मध्येच तुटला होता. त्या फेरीत बायका आपल्या पसंतीचा जोडीदार निवडतात. निवडलेल्याचा हात धरून सगळ्या तशाच फळ्यांवर उभ्या राहिल्या. सॉसेज भाजणारी केर्त्तु चिमट्यासकट टपरीच्या खिडकीतून बाहेर वाकली. मी माझा अकॉर्डियन मिटला. झालं, म्हटलं, सुरू झाला तमाशा.

बास गिटार आधी घोगरी झाली, मग खरखरली आणि मग तिचा आवाज पार बसला. मे महिन्यापासून जवळजवळ दर शनिवारी हेच चाललं होतं. ती वाजवणारी हिल्ला ओठ आवळून उभी होती. तिचा बाप रैनो आमच्या बँडचा जुना बासवाला. हिवाळ्यात तो गेला. त्याआधी थोडेच दिवस त्याने ही नवी बास हौसेने घेतली होती.

आल्पोने हिल्लाच्या हातातून बास काढून घेतली, तिची स्पीकरला जाणारी वायर उपसली, बास तागाच्या कापडात गुंडाळली आणि डोळे मिटले.

“रैनो, भावा, कुठे आहेस? तळ्यात आहेस की बर्चच्या शेंड्यावर? राग सोड! तुझी जागा पोरीने घेतली म्हणून रुसू नकोस!”

कॉफीची सुट्टी संपेपर्यंत स्वारी अशीच डुलत होती. लोक बशीतला बन खायचं विसरले होते. मग त्याने कापड सोडलं, वायर परत खुपसली आणि म्हणाला, “वाजव.”

बास खणखणीत बोलली! मंडपभर उसासे उठले. कुणी टोपी काढली, कुणी डोळे पुसले. पहिल्या बाकावर रैनोची बायको सिस्को बसली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “ऐकलंस ना मिर्या? तोच आहे गं.”

मला तिचा राग आला नाही. राग आला तो आल्पोचा. रडणाऱ्या बाईला मेलेला नवरा आणून देतो म्हणणं, यापेक्षा हलकट काम मला ठाऊक नाही.

दोन-चार गाण्यांत बास पुन्हा बसली. आल्पोने खेदाने मान हलवली. “रैनोला ही पोर नकोय. त्याला मोकळं व्हायचंय. युहान्नुसच्या सणाला तळ्याकाठी होळी पेटेल, तेव्हा ही बास तिच्यात घाला.”

“घाला, घाला!” मागून दोघा-तिघांनी ओरडून घेतलं. आमचा गायक ओर्व्हो, म्हणजे बँडचा मालकच, खाली मान घालून म्हणाला, “हिल्ला, लोकांनाच नको असशील तर मी काय करू? सणानंतर माझा भाचा वाजवेल.”

बाप गेलाच होता. आता त्याची बास जाणार आणि पोरीची जागाही. आणि हे सगळं कुणामुळे? तर पूर्वी बाजारात ट्रान्झिस्टर विकणाऱ्या या आल्पोमुळे, ज्याच्या दारात आता गुडघेदुखीवाल्यांची रांग लागायला लागली होती.

आल्पोचे नियम मोठे पवित्र होते. पहिला नियम वायरीचा. मरणाआधीच्या तालमीत रैनोने स्वतःच्या हाताने ती बासला लावली होती. सिस्कोला ती कुणी काढलेली बघवेना, आणि दुःखात माणूस असं करतंच. आल्पोने मात्र त्याचा धर्म केला. तो म्हणायचा, ही वायर म्हणजे रैनोची नाळ; ती आठवडाभर बासमध्येच राहील आणि माझ्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरा नियम सेलचा. या बासच्या पाठीत एक चौकोनी सेल बसतो. दुकानातले सेल म्हणजे म्हणे मेलेला माल. खरे जिवंत सेल आल्पोच्या बर्चसालीच्या पेटीत! पेटी बर्फाच्या तळघरात ठेवायची, आत तांब्याचे खिळे आणि जुनी चांदीची नाणी. “धातूची ताकद सेलमध्ये उतरते,” असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. दर शनिवारी नाच संपला की त्या पेटीतला एक सेल तो बासमध्ये घालायचा.

त्या शनिवारी मी त्याला आडवी गेले. “सेल संपत असेल, दुसरं काय!”

“वा, बाई!” तो लोकांकडे वळून हसला. “सेल दर आठवड्याला नवा. मंडपाला कुलूप. स्पीकर बंद. मग वीज खातं कोण? तुमचा अकॉर्डियन?”

लोक खो खो हसले. त्या रात्री मी चरफडत घरी गेले.

उत्तर हिल्लाने शोधलं. दुसऱ्या दिवशी ती तरातरा माझ्या ओट्यावर आली.

“मिर्या, गेल्या महिन्यात एका शनिवारी बास शेवटपर्यंत वाजली होती. आठवतं?”

“आठवतं तर! आल्पो म्हणाला, रैनो खूश आहे.”

“बाबा खूश नव्हते. केर्त्तुने फरशी पुसली होती. चल माझ्याबरोबर.”

केर्त्तु आधी कबूलच होईना. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, “कुणाला सांगू नका गं. वायर फडक्यात अडकत होती, म्हणून रविवारीच काढून ठेवली. शनिवारी दुपारी गुपचूप परत लावली. पाप लागेल का मला?”

“पाप नाही गं,” हिल्लाने तिचा गालगुच्चाच घेतला, “तुला आमच्याकडून कॉफी लागू!”

युहान्नुसची, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाची, संध्याकाळ आली. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. तळ्याकाठी लाकडांचा ढीग रचून तयार होता आणि पंचक्रोशी लोटली होती. हिल्लाने आठवडाभर वायरीला मुद्दाम हात लावला नव्हता. बायकांची फेरी आली, टँगो सुरू झाला आणि बास घोगरी झाली.

आल्पो कापड झटकत उठला. हिल्लाने त्याला हातानेच थांबवलं.

“बस तू. आधी एक सांग. आत घातलेला सेल कसा आहे?”

“काठोकाठ भरलेला! माझ्या पेटीतला आहे तो.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” तिने बासच्या पाठीचं झाकण उघडून सेल बाहेर काढला. “केर्त्तु, टपरीच्या छताला धुराचा अलार्म आहे तो काढून आण. त्यातही हाच सेल लागतो.”

केर्त्तु स्टुलावर चढली आणि अलार्म घेऊन आली. हिल्लाने त्यातला सेल काढून आल्पोचा बसवला आणि अलार्म माइकसमोर धरला.

“टिक्!”

थोड्या वेळाने पुन्हा, “टिक्!”

आमच्याकडे हा आवाज ओळखत नाही असं घर नाही. सेल संपत आला की हा कावळा ओरडतो आणि अख्ख्या घराची झोप उडवतो. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, रैनो सॉसेजच्या टपरीत घुसला!” आणि हशा पिकला.

“श्रद्धेची थट्टा करू नका!” आल्पो किंचाळला.

“थट्टा तू माझ्या आईची केलीस,” हिल्ला म्हणाली. अलार्ममधून काढलेला आधीचा सेल तिने बासमध्ये घातला आणि बापाचा आवडता टँगो धरला. कापड नाही, प्रार्थना नाही, डुलणं नाही, आणि बास अशी घुमली की पायाखालच्या फळ्या हलल्या. मीही अकॉर्डियन उघडला. गाणं संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

मग तिने वायरीची पिन सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

“आल्पो विचारतो, वीज खातं कोण? या बासला वेगळं बटण नाही. ही पिन आत गेली की बास चालू, बाहेर आली की बंद. स्पीकर बंद असला तरी पिन आत असेपर्यंत सेल झिजत राहतो. आठवडाभर झिजला की शनिवारी मध्येच मान टाकतो. वायर काढून जरा विसावा दिला की दमलेला सेल थोडा दम धरतो आणि दोन-चार गाणी वाजवतो. कॉफीच्या सुट्टीत दुसरं काही होत नव्हतं. केर्त्तुने वायर काढून ठेवली त्या आठवड्यात काय झालं, विचारा तिला.”

केर्त्तुने चिमटा उंचावून साक्ष दिली.

“आणि ही पेटी!” हिल्लाने आल्पोने सोबत आणलेली बर्चसालीची पेटी बाकावर पालथी केली. सेल, खिळे, नाणी सगळं एकत्र खळखळलं. एका सेलच्या दोन्ही टोकांवर नाणं आडवं चिकटलेलं होतं. “धातूची ताकद उतरत नाही, सेलचीच ताकद धातूतून वाहून जाते. चांगला अल्कलाइन सेल घ्या, त्याच्या पुड्यातच कोरड्या कपाटात ठेवा, बस! बर्फ नको, ओल नको, खिळे तर नकोतच.”

आल्पोने सिस्कोकडे धाव घेतली. “वहिनी, तुम्ही तरी सांगा! रैनो तुमच्याशी बोलला की नाही?”

 सिस्को उठून मंचावर आली आणि पिनेवर हात ठेवला.

“हिल्ला, ही त्यानेच लावली होती ना?”

“हो आई.”

“आणि आल्पो दर शनिवारी काढायचा, लावायचा. मी बघत बसले.” तिने डोळे पुसले. “आजपासून मी काढेन. शेवटचं गाणं झालं की सांग मला.”

आल्पो घाटावरून नाव वल्हवत निघून गेला. कुणी त्याला निरोपही दिला नाही. ओर्व्होने हिल्लासमोर टोपी काढली आणि भाच्याला घरी पाठवलं. केर्त्तुच्या अलार्ममध्ये दुकानातला नवा सेल बसला. पेटीतले सेल आम्ही गोळा करून दुकानातल्या जुन्या सेलच्या डब्यात टाकायला बाजूला ठेवले, कारण सेल आगीत टाकणं म्हणजे दुसरा मूर्खपणा. पेटीची बर्चसाल तेवढी होळीत गेली, आणि झकास पेटली. बास नाही गेली.

मी हे लिहितेय ते आल्पोसाठी नाही. तो दुसऱ्या तळ्याकाठी दुसरं कापड पसरेल. लिहितेय तुमच्यासाठी. कुणी डोळे मिटून डुलायला लागला, तर तुमचे डोळे उघडे ठेवा. “हात लावू नका” असं तो जिथे म्हणेल, नेमका तिथेच हात लावून बघा. मेलेल्यांवर आपलं प्रेम असतं, आणि असले लोक नेमकं तेच धरून आपल्याला नाचवतात. त्यांना नाचवू देऊ नका.

आम्ही अजून दर शनिवारी वाजवतो. बास हिल्लाच वाजवते. शेवटचा टँगो झाला की सिस्को मंचावर येते, पिन उपसते, वायर नीट गुंडाळते आणि म्हणते, “चला, झोपू दे तिला.”