भिंतीवरची रतनबाई

मध्यरात्री कावळा पिंडाला शिवतो, हे मी त्या सिनेमात पहिल्यांदा पाहिलं. कावळे रात्री झोपतात. दहाव्याला नदीवर ताटकळलेल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आईच्या दहाव्याला आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे होतो.

सुरुवातीला पडद्यावर पाटी येते, ‘सत्य घटनेवर आधारित’. मग गावात वीज नाही म्हणून सून कंदील घेऊन फिरते आणि तिच्या डोक्यावर पंखा गरगरत असतो. गोष्ट वैशाखातली, पण उसाला तुरे आलेले. माडीचा जिना चढताना सुनेचं पातळ हिरवं, वर पोचल्यावर जांभळं. भूत म्हणे हडळ. हडळ होते ती बाळंतपणात गेलेल्या बाईची. नातवंडं खेळवून गेलेली सासू हडळ कशी होईल?

पुण्यातल्या थिएटरात मी दातओठ खात हे सगळं पाहिलं, कारण घर आमचं होतं, काष्टीचं. आईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा कल्याणने, माझ्या धाकट्या भावाने, ते शूटिंगला दिलं होतं. मला न विचारता.

तरीही गप्प बसले असते. पण मध्यंतरानंतर सून कंदील वर धरते आणि भिंतीवर मेलेल्या सासूचा फोटो दिसतो. आधी तिथे सासू झालेल्या नटीचा फोटो होता. आता माझ्या आईचा होता, चंदनाच्या हारासकट. खाली स्टुलावर एक ताट, त्यात भाकरी आणि मेथीची भाजी. पुढच्याच क्षणी ताट गायब, आई गायब, नटी परत भिंतीवर. माझ्यामागची एक मुलगी किंचाळली होती. माझ्या आईला पाहून.

मी सिनेमाच्या कंपनीला सविस्तर मेल लिहिला. सिनेमा मोबाईलवर येण्याआधी माझ्या आईचा चेहरा त्यातून काढा. मग रविवारी काष्टी गाठली.

कल्याण ओट्यावर सुपात शेंगा घेऊन फोडत बसला होता.

“परवानगी कुणी दिली तुला?”

“बस तरी, ताई. पानी पी.”

“पाणी नको. आईला भूत केलं त्यांनी.”

“भूत कुटं? ती बया येगळी हाय, लई रंगवलेली. आपली आई नुसती फोटूत हाय.”

“लोकांना कळतं का ते?”

“आपल्या लोकान्ला कळलं की. टेम्पो करून गेल्तो समदे. आईचा फोटू आला आन् राहीबाई काकू खुर्चीतनं उठल्या. ‘अगं रतन, तू हितं कुटं?’ अशा वरडल्या, समदं थेटर हसलं.”

मला हसू आलं नाही. “आणि सिनेमावाल्यांना एवढंही कळू नये? बाई एक, फोटो दुसरीचा! कुठल्या गाढवाने लावला तो?”

कल्याणच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्या.”

मी ओट्यावर टेकले.

“त्यान्नी आईचा फोटू काढून कोनाड्यात पालथा ठिवला आन् त्या बयेचा लावला. दोन दिस काय बोललो न्हाई, उपाशीच ऱ्हायलो. तिसऱ्या दिशी ते जेवाय गेले. आईचं वरीस व्हायचं हुतं, ताई. तिला पान दावल्याबिगर घास कसा घ्यायचा? आन् पालथ्या फोटूला पान कसं दावायचं? म्हून लावली तिला भिंतीला, पान ठिवलं. तेवढ्यात ते आले, लाइटी लागल्या. काढाय गेलो तर वरडले, ‘ओ काका, बाजूला व्हा!’ मंग झालो बाजूला.”

त्या ताटावर मी मेलमध्ये अर्धा परिच्छेद खर्च केला होता. हडळीपुढे मेथीची भाजी कोण ठेवतं, असं विचारलं होतं.

फोन वाजला. कंपनीचे परब होते. मी स्पीकर लावला, कल्याणलाही ऐकू जावं म्हणून.

“मॅडम, तुमचा मेल वाचला. तुमच्याशिवाय कुणी पकडलं नाही हो ते! तिथे आमच्या बाईंचा फोटो बसवतो. आजच करून टाकतो.”

“परत पालथी घालनार व्हय तिला?” कल्याण म्हणाला. हळूच. परबांना ते ऐकू गेलं नसावं.

दारातून आतली भिंत दिसत होती. फोटो जागेवर होता. हार नवा होता.

“तो फोटो राहू द्या,” मी म्हणाले.

“अहो, तुम्हीच तर लिहिलंत...”

“राहू द्या. कावळा काढा.”

“कावळा कसा काढणार? सगळा शेवट त्याच्यावर आहे.”

“मग पंखा थांबवा.”

“मॅडम, पिक्चर पूर्ण झालाय.”

“मग ती ‘सत्य घटनेवर आधारित’ पाटी तरी काढा. आईचा फोटो सोडला तर त्यात खरं काहीही नाही.”

“बघतो,” परब म्हणाले.

“बघू नका. काढा.”

कल्याणने सूप माझ्याकडे सरकवलं.