लाल बटण

रामप्रसाददादांचा भांडायला फोन आला की मला बरं वाटायचं. हसायचं तर हसा. दिवाळी झाली की आई-बाबा ऊसतोडीला जातात, आणि लिंबागणेशच्या घरात मी, एक शेळी आणि लॅपटॉप एवढेच उरतो. आईचा फोन लागला तर लागला. चतुर्थीला देवळात माणूस मावत नाही, पण आमच्या दाराकडे कोण फिरकतंय!

दादा माजलगावात बसून काम करतात, मी इथं. खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी आम्ही एक ॲप बनवतो. स्क्रीनवर काय दिसायचं ते दादांचं. बटण दाबल्यावर पुढं काय घडायचं ते माझं. आणि दोघांचं सगळं एकाच फाईलमध्ये, नुसती खिचडी. त्यांनी बटण हलवलं की माझा प्रोग्रॅम अडायचा, मी एक ओळ बदलली की त्यांची स्क्रीन कोरी पडायची. मग फोन.

"कावून गं, माझ्या स्क्रीनचं वाटोळं केलंस?"

"तुमीच आधी बटणाचं नाव बदललं, दादा!"

चांगली जुंपायची. शेवटी त्यांचा आवाज खाली यायचा. "बरं, जेवलीस का?" मी हो म्हणायचे. अख्ख्या दिवसात मला कुणी काही विचारलं तर एवढंच.

मग मलाच शहाणपण सुचलं. मी फायली वेगळ्या केल्या. दिसणं एकीकडं, चालणं एकीकडं. कुणी कुणाच्या फाईलला हात लावायचा नाही. कंपनीच्या मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. दादा म्हणाले, "लई झकास काम केलंस, तेजू. सुटलो बघ."

सुटलेच. त्या दिवसापासून फोन बंद. काम कसं सुरळीत, आणि घर खायला उठलेलं. शेळी ओरडली तरी मी "काय गं?" म्हणत उठायला लागले.

परवा मी मुद्दाम माझ्या फाईलमध्ये एक बटण घुसवलं. भडक लाल, त्यांच्या स्क्रीनवर आडवंतिडवं. पाठवून दिलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

वाजला!

"तेजू, त्ये लाल बटण तुझ्या फाईलीतून आलंय गं."

"हो का? चुकून राहिलं असंल," मी म्हणाले आणि भांडणाची वाट बघत राहिले.

"असू दे, काढलं मी. आन एक तपासणीबी लावून ठेवली. आता असलं काय आलं की मशीनच परत पाठवतंय. तुला-मला फोनच करायला नको."

किती मायेनं बोलले! मला रडूच यायला लागलं.

"बरं, जेवलीस का?"

आजवर दर वेळी मी हो म्हणत आले होते. या वेळी म्हटलं, "न्हाई." कावून म्हणून विचारतील, तेवढंच आणखी थोडं बोलणं होईल.

"मग जेव की आधी," दादा म्हणाले, आणि मला उशीर नको म्हणून लगेच फोन ठेवला.