पदकावरचं कुंकू

“आधी साहेबांना, मग पंपाला! हार दे गं, विजया, लवकर!” लक्ष्मीकांत स्टुलावर चढलासुद्धा होता.

“अहो, स्टूल डगमगतंय. पंप काही पळून जात नाही.”

“पळेल! आज पळणारच आहे तो!”

दसरा यंदा नेमका शुक्रवारी, म्हणजे कुवेतच्या सुट्टीच्या दिवशी आला होता, म्हणून सगळं घर अम्गरा वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये हजर. विजया हॉस्पिटलची रात्रपाळी संपवून, मिरकाबच्या बाजारातून झेंडू घेऊन थेट आली होती. पाने, हातोडे, लेथ, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं आणि मधोमध बसला होता १९३८ सालचा ब्रॅकवेल पंप, इंजिनासकट. वर्कशॉपचा कुवेती मालक यूसुफ, त्याला तो एका मळ्यात वाळूत अर्धा गाडलेला सापडला. “भंगार है, लक्ष्मी,” तो म्हणाला होता. लक्ष्मीकांतनं सात महिने त्याच्यावर जीव टाकला. झिजलेले बुश स्वतः लेथवर नव्यानं कातले. आज तो चालणार होता, आणि चाळिशी उलटलेला हा माणूस सकाळपासून लहान मुलासारखा नाचत होता.

भिंतीवरचे साहेब म्हणजे ऑगस्टस ब्रॅकवेल, या पंपांचा जन्मदाता. नाशिकला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला हा फोटो लक्ष्मीकांत अठरा वर्षांपूर्वी ट्रंकेत घालून कुवेतला घेऊन आला. इराकी सैन्य आलं तेव्हा तो जीव वाचवून मुलखाला पळाला. एक्क्याण्णवला परतला, तर वर्कशॉपातला पानासुद्धा शिल्लक नव्हता. फोटो तेवढा होता, कपाळापाशी काच तडकलेली. तडकलेल्या काचेवर कुंकू कसं लावायचं? म्हणून तेव्हापासून दर दसऱ्याला तो साहेबांच्या छातीवरच्या पदकालाच बोट टेकवी. पुसायचा मात्र कधी नाही. वर्षावर वर्षं साचून तिथे कुंकवाचं जाड बटण झालं होतं.

“सलोनी, तुझा निबंध वाच ना! साहेबांवरचा. मुहूर्त आहे!”

तेरा वर्षांची सलोनी तेलाच्या पिंपावर फाईल पोटाशी धरून बसली होती. “नको, बाबा.”

“लाजतेस काय?”

“आय चेंज्ड माय टॉपिक.”

हार धरलेला हात हवेतच राहिला. “का गं?”

तिनं फाईलमधून एक कागद काढला. हाच फोटो, पण पूर्ण. साहेबांच्या शेजारी गणवेशातली माणसं, हात पुढे ताठ केलेले. “ते मेडल त्यांनी दिलंय, बाबा. नाझींनी. सदतीस साली.”

“अगं, व्यापारी माणूस. माल विकला असेल.”

“नुसता विकला नाही. जेवणाच्या पार्टीत भाषण केलंय त्यानं. तिथे संप नाहीत, युनियन नाही, आपल्यालाही असाच माणूस हवा, म्हणे. तेव्हा कॅम्प्स सुरू झाले होते, बाबा. लोकांना घरातून उचलून नेत होते. पेपरात येत होतं सगळं.”

“दसऱ्याच्या दिवशी काय गं हे…” विजया पुटपुटली. पण कागद हातात घेऊन तिनंही तो शेवटपर्यंत वाचला.

“क्या बोलता बेटी?” यूसुफनं विचारलं.

यूसुफच्या धाकट्या भावाला नव्वदच्या ऑगस्टमध्ये सैनिकांनी दारातून ट्रकमध्ये घातलं होतं. अकरा वर्षं झाली, त्याच्या आईनं अजून त्याचं अंथरूण काढलेलं नाही. शेवटी लक्ष्मीकांतनंच स्टुलावरून उतरून, मोडक्यातोडक्या हिंदीत, एकही शब्द न गाळता सांगितलं.

यूसुफ फोटोजवळ गेला. “उसको मालूम था?”

“हां.”

“मेरे भाई को जो ले गया, वो ड्रायव्हर बोला, मेरे को ऑर्डर है.” यूसुफनं मान हलवली. “इसको तो किसी ने ऑर्डर भी नहीं दिया.”

लक्ष्मीकांतनं रॉकेलचा बोळा घेतला आणि पदकावर फिरवला. एक थर गेला, दुसरा गेला. काचेखाली चार टोकांचा क्रूस दिसला, टोकांमध्ये पंख पसरलेले छोटे गरुड. दहा वर्षं आपण कशाला हात जोडत होतो ते त्यानं नीट पाहून घेतलं. मग फोटो खिळ्यावरून काढून सलोनीच्या हातात दिला.

“टॉपिक बदलू नकोस. ह्याच्यावरच लिही.”

“आणि तुमचं? पूजेचं?”

“तेही लिही. बाबांनी कधी विचारलंच नाही, असं लिही.”

“पंप चालवायचा ना पण, बाबा?”

“मग! सात महिने काय ह्या साहेबासाठी घासले मी?”

त्यानं कुंकवाच्या करंड्यात अनामिका बुडवली. सवयीनं हात भिंतीकडे वळला, तिथे नुसता फिकट चौकोन होता. हात खाली आला आणि पंपाच्या हँडलला लागला, कोणाकोणाच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या जागी. हारही तिथेच.

“यूसुफभाई, पकडो! एक, दो…”

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग धडधडलं, पत्रे थरथरले, आणि पाण्याचा लोट असा उसळला की विजयाची साडी, यूसुफची पांढरी पायघोळ दिशदाशा, सगळं चिंब. “याल्ला! भंगार किसने बोला? किसने बोला?” यूसुफ ओरडत होता. सलोनी फाईल डोक्यावर धरून हसत पळाली.

लक्ष्मीकांतनं हात धारेखाली धरला. तेल गेलं, हळद गेली. अनामिकेच्या रेषांत लाल मात्र तसंच होतं. तो चोळत राहिला.