सूची नसलेलं पुस्तक

पंडितराव हे नाव त्यांना प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठेवलं, आणि ठेवताना त्यात निम्मी चेष्टा होती. ती निम्मी पंडितरावांच्या कधी ध्यानात आली नाही. शहराच्या नळांना येणारं पाणी जिथे रोज तपासलं जातं, त्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. सकाळी गावभरच्या बाटल्या यायच्या. पंडितराव त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचे, आणि क्लोरीन किती, क्षार किती, गढूळपणा किती ते सांगायचे. हात इतका बसलेला की एकीकडे थेंब मोजत दुसरीकडे गप्पा चालायच्या. आणि गप्पा कसल्या? पुस्तकांच्या.

कुठल्या परीक्षेला कुठलं पुस्तक घ्यावं हे विचारायचं तर पंडितरावांना, हे आसपासच्या सगळ्या कचेऱ्यांत ठरून गेलं होतं. विजेचं काम करणारा यायचा, हिशेबनीस यायचा, परिचारिका यायची. पंडितराव क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ते जाडं घेऊ नका, त्यात निम्मी भरती आहे. हिरव्या कव्हरचं घ्या, पण नवी आवृत्ती. जुनीत आकृत्या चुकल्यात." माणूस ते घ्यायचा, वाचायचा, पास व्हायचा. आजवर त्यांनी कुणाला वाईट पुस्तक दिलं नव्हतं, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करतील.

फक्त स्वतः पंडितराव पास होत नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

प्रयोगशाळेच्या मुख्य पदासाठी खात्याची एक परीक्षा असते. तिला आयुष्यात तीनदाच बसता येतं. पहिल्या वेळी पंडितरावांनी एका पुस्तकाची नवी आवृत्ती मागवली होती. नवी यायच्या आधी हातातली जुनी वाचणं म्हणजे शिळं खाणं, म्हणून ते थांबले. आवृत्ती आली तेव्हा निकाल लागून गेला होता. दुसऱ्या वेळी अभ्यास सुरू झाला, अगदी वेळेवर झाला, आणि परीक्षा तोंडावर आली असताना त्यांना कळलं की याच विषयावर याहून सरस पुस्तक आहे. मग हे कशाला वाचायचं? ते मिटलं, दुसरं शोधायला निघाले. आता तिसरी वेळ उरली होती, आणि मुख्य पदावरचे थोरले साहेब निवृत्त होत होते. या वेळी हुकलं की जन्मभर सहायक.

त्यांची पुस्तक पारखायची रीत ऐकून ठेवा, तुम्हालाही कधी उपयोगी पडेल, किंवा नडेल. पंडितराव पुस्तक मागून उघडायचे. शेवटी सूची आहे का, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर ते दिलंय का, हे आधी. मग संदर्भ. मग लेखकाच्या नावापुढच्या पदव्या. मग प्रस्तावना, अनुक्रमणिका, आणि चार ठिकाणी पान उघडून नाकाला लावून वास. सूची नसलेलं पुस्तक त्यांच्या लेखी पुस्तकच नव्हतं. आणि मधली पानं? मधली पानं वाचायला सवड कुणाला होती, पुढचं पुस्तक ताटकळत उभं असायचं. घरात कपाटं भरली, मग कपाटांच्या वरची जागा भरली, मग पलंगाखालची. बायको म्हणायची, "पाहुणे आले तर त्यांना कुठल्या विषयावर बसवू?" पंडितरावांना तो विनोद आवडायचा आणि ते तो प्रयोगशाळेत स्वतःचा म्हणून सांगायचे.

अशात एका रविवारी साडू आले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेही त्याच प्रयोगशाळेत सहायक, पण पंडितरावांच्या मागून लागलेले. साधा माणूस. जेवायला बसला की जेवणार, झोपला की झोपणार, मध्ये काही नाही. खुर्चीवरचे चार खंड उचलून मांडीवर घेत ते बसले आणि म्हणाले, "पंडितराव, मीही फॉर्म भरलाय."

"कसला?"

"मुख्य पदाचा. हिनेच भरायला लावला. म्हणाली, बसून तर बघा. आता मला एक पुस्तक सांगा. एकच हं. दोन दिलीत तर माझ्याच्यानं एकही होणार नाही."

पंडितराव उठले. सवयीने हात वरच्या फळीकडे गेला. तिथे निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक होतं, या परीक्षेला त्याच्या तोडीचं दुसरं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! बोटं त्याच्या पाठीला लागलीसुद्धा. आणि मग मनात आलं, आपली ही शेवटची वेळ. यांना अजून दोनदा बसता येईल. उद्या हा माणूस खुर्चीत आणि आपण समोर उभे, 'साहेब, सही' म्हणत? सगेसोयरे हसतील ते वेगळंच.

हात खाली आला. दाराजवळ रद्दीत द्यायची पुस्तकं बांधून ठेवली होती. त्यात एक पिवळं, पातळ, पिना मारलेलं पुस्तक होतं, दुसऱ्या कशावर तरी फुकट मिळालेलं. सूची नाही, संदर्भ नाही, लेखकाच्या नावापुढे एक अक्षर नाही. नुसते प्रश्न आणि उत्तरं, आणि मधेमधे पोरांच्या पुस्तकात असावीत तशी चित्रं. पंडितरावांनी ते सुतळीतून ओढून काढलं, फुंकर मारली आणि साडूंच्या हातात ठेवलं.

"हे?" साडूंचा पटकन विश्वास बसेना. "एवढंच?"

"एवढं केलंत तरी पुष्कळ," पंडितराव म्हणाले, आणि आवाजात इतकी माया आणली की स्वतःलाच जरा चमत्कारिक वाटलं.

साडू खूश होऊन गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत दारात उभी होती. ती म्हणाली, "ते रद्दीतलं होतं ना?"

"नवख्याला सोपं द्यावं लागतं. तुला नाही कळायचं त्यातलं."

सुतळी सैल झाली होती, ती तिने वाकून पुन्हा घट्ट बांधली.

पुढचे दिवस साडूंनी त्या पिवळ्या पुस्तकाचा जीव घेतला. डब्याशेजारी ते, बाटल्यांशेजारी ते, बसथांब्यावर ते. पानांना तेलाचे डाग पडले, पिना निघाल्या, दोऱ्याने शिवलं. समजलं नाही की तोंड वर करून विचारायचे, "पंडितराव, हे असं का?" आणि पंडितराव म्हणायचे, "त्यावर तीन मतं आहेत." तिन्ही कुठे सापडतील तेही सांगायचे. साडू मान हलवायचे आणि मग सरळ बाटली घेऊन करून बघायचे. पंडितरावांना त्यांची मनापासून कीव यायची. रात्री झोप मात्र लवकर लागायची नाही, पण ते जेवणाने होत असावं असं त्यांनी ठरवलं.

त्यांचा स्वतःचा अभ्यास? जोरात होता. निळं पुस्तक तर होतंच, पण त्याच्या संदर्भांत आणखी सात पुस्तकांची नावं होती, ती बघितल्याशिवाय निळ्यावर भरवसा कसा ठेवायचा? ती मिळवली. त्यांच्यातही संदर्भ होतेच. एक ना धड भाराभर चिंध्या, असं बायको म्हणाली नाही, मीच म्हणतोय.

परीक्षा एका शाळेत झाली. लहान मुलांच्या बाकांवर थोराड माणसं गुडघे दुमडून बसलेली. पंडितरावांनी प्रश्नपत्रिका उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. सगळे ओळखीचे! पहिला प्रश्न, पाण्यात क्लोरीन किती टाकायचं ते कसं ठरवाल. वा! निळं पुस्तक, सातवं प्रकरण, उजव्या हाताचं पान, खाली आलेख. जुन्या आवृत्तीत हाच आलेख उलटा छापलेला. दुसरा प्रश्न त्या सातांपैकी तपकिरी ग्रंथातला, तिसरा त्याच्या परिशिष्टातला. प्रत्येक उत्तर कुठे राहतं, शेजारीपाजारी कोण आहे, घराचा रंग कुठला, सगळं पंडितरावांना पाठ होतं. फक्त कधी आत जाऊन बसले नव्हते.

लेखणी घेऊन ते बराच वेळ पहिल्या प्रश्नाकडे बघत राहिले. अहो, जे रोज सकाळी हाताने करत होते तेच विचारलं होतं. जसं करतो तसं लिहिलं असतं तरी काम झालं असतं. पण हाताला येतं त्याला ज्ञान म्हणायची त्यांना सवय नव्हती. छापलेलं नसेल ते कसलं ज्ञान? शेवटी त्यांनी लिहायला घेतलं: या विषयाचं सर्वांत विश्वसनीय विवेचन अमुक ग्रंथात, अमुक प्रकरणात आहे, तमुक लेखकाचं मत वेगळं, परंतु त्याची दुसरी आवृत्ती पाहावी. पानंच्या पानं भरली. पुढच्या बाकावर साडू मान खाली घालून लिहीत होते, मधेच हवेत थेंब टाकल्यासारखी बोटं हलवत होते. बिचारा, असं पंडितरावांच्या मनात आलं.

निकाल प्रयोगशाळेच्या दारावर लागला. साडू पास, आणि चांगल्या मार्कांनी पास. पंडितराव नापास. थोरल्या साहेबांची परीक्षकांत ओळख होती, त्यांनी खाजगीत सांगितलं, "पंडितराव, तुमचा पेपर त्यांनी जपून ठेवलाय म्हणे. ग्रंथालयासाठी पुस्तकं मागवायला उपयोग होईल." पंडितरावांनी आभार मानले. मग बाटल्या धुवायच्या मोरीवर जाऊन नळ सोडून ते उभे राहिले. रडू येत होतं, आणि नापास झाल्याचं येत होतं की दुसऱ्या कशाचं, ते त्यांना नीट कळेना.

त्याच संध्याकाळी साडू आणि ताई घरी आले. ताई म्हणजे बायकोची ती थोरली बहीण. हातात पेढ्यांचा मोठा खोका. साडूंनी तो पंडितरावांपुढे ठेवला आणि खाली वाकू लागले. पंडितरावांनी घाबरून त्यांचे खांदे धरले.

"धरू नका," साडू म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "मी काही हुशार माणूस नव्हे. तुम्ही इतक्या पुस्तकांतून नेमकं तेच काढून दिलंत म्हणून झालं. पेपरात निम्म्याहून जास्त त्यातलंच होतं. आज मी सगळ्यांना सांगितलं, ही खुर्ची पंडितरावांची आहे, मी नुसता बसतोय."

"असू दे, असू दे," पंडितराव म्हणाले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

बायकोने चहा आणला. ताईने कप घेतला आणि सहज, अगदी भोळेपणाने विचारलं, "पण काय हो पंडितराव, इतकं चांगलं पुस्तक, मग तुम्ही का नाही वाचलंत?"

आता काय सांगायचं? पुस्तक चांगलं होतं म्हणावं, तर घरात होतं, फुकट होतं, आणि रद्दीत घातलं, मग पंडित कसले! वाईट होतं म्हणावं, तर वाईट म्हणूनच दिलं की काय, असं होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घसा खाकरून पंडितरावांनी त्यातल्या त्यात कमी चावणारं धरलं.

"मला ते ओळखता आलं नाही, ताई."

आयुष्यात पहिल्यांदा असं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं. साडू खळखळून हसले. "चेष्टा करतात! अहो, ओळखलं नाहीत, तर मला नेमकं तेच कसं दिलंत?"

पंडितरावांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. साडू हसऱ्या तोंडाने उत्तराची वाट बघत होते, त्यांच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. ताईच्या मात्र कपाळाला एक बारीक आठी पडू लागली होती. पंडितरावांनी बायकोकडे बघितलं.

बायकोने चहाची किटली खाली ठेवली. "भावोजी," ती म्हणाली, "घरात एवढी पुस्तकं होती. त्यांना हेही स्वतःसाठी ठेवता आलं असतं. त्यांनी ठेवलं नाही, तुम्हाला दिलं. आता अजून काय सांगायचं माणसाने?"

शब्द शब्द खरा होता. ताईची आठी गेली, तिने पदर डोळ्यांना लावला. साडूंनी उठून पंडितरावांना घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. पंडितराव त्या मिठीत लाकडासारखे उभे होते. जाताना साडू दारातून वळून म्हणाले, "आता आमच्या धाकट्यासाठी पुढच्या वर्षी तुम्हीच पुस्तक निवडायचं हं. त्याला तुमच्या हाती सोपवलं."

दार लागलं. बायको कप गोळा करू लागली. पंडितराव तिच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत गेले.

"अगं, तू आज..." ते म्हणाले. "मला वाटलं, तुला माहीतच नाही."

"पुस्तकातलं मला कळत नाही," ती नळाखाली कप धरत म्हणाली. "तुम्ही कळता."

"पण सांभाळून घेतलंस."

"माझ्या ताईला घेतलं. तिला रात्री झोप लागली पाहिजे." तिने कप उपडा घातला आणि दुसरा घेतला. "तुमचं तुम्ही बघा."