अंगठाभर जागा

बुटांच्या दुकानात त्याला सगळे अंगठेकाका म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. लहान मुलांचे बूट त्याच्याकडे होते. पोर बाकावर बसलं की हा समोरच्या बुटक्या स्टुलावर बसायचा, पाय मापाच्या पाटीवर ठेवायचा, बूट चढवायचा आणि टोकाला अंगठा दाबून निकाल द्यायचा. "अंगठाभर जागा आहे. वर्षभर बघायला नको." त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आया मुकाट्यानं खोकं उचलत.

अंगठा दाबण्याआधी मात्र तो न चुकता पोराच्या घोट्यावर टिचकी मारायचा आणि दरडावायचा, "बोटं सरळ." कारण अंगठा जवळ आला की मुलं बोटं मुडपून घेतात, का कोण जाणे, आणि मग नसलेली जागा आहेशी वाटते. नवख्या विक्रेत्यांना तो हे रंगवून सांगायचा. म्हणायचा, "पोरं बुटात खोटं बोलतात. आपण फसायचं नाही."

एवढा शहाणा माणूस. पण ते शहाणपण रोज दुकानातच ठेवून यायचा.

घरी एकुलती एक लेक. ती आठ वर्षांची असताना त्यानं तिच्यासाठी स्नीकर निवडले. तळवा वाकवून बघितला, शिलाई नखानं ओढून बघितली, पुढचं रबर दगडावर आपटून बघितलं. दुकानातला सगळ्यात दणकट जोड. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठा, टोकाला कापसाचा बोळा. आणि वर हुकूम, की तळव्याची नक्षी पुसली जाईपर्यंत नवे बूट मिळणार नाहीत. दर रविवारी तो स्नीकर उलटे करून नक्षी तपासायचा आणि खूश व्हायचा.

पहिल्या वर्षी पोर फताडे पाय टाकत चालायची, शाळेत तिला बदक म्हणायचे. दुसऱ्या वर्षी बूट बेताचे झाले. तिसऱ्या वर्षी तिनं कापूस काढून दप्तराच्या तळाशी लपवला. बापाला बोलायची सोय नव्हती. मग तिनं डोकं चालवलं. शाळेच्या मागच्या भिंतीवर ती रोज तळवे घासायची. आठवडाभर घासूनही नक्षी हटेना, उलट कडेला ओरखडे उठले आणि ते नेमके त्याला दिसले. दोन थोबाडीत बसल्या. ओरखडे तिच्याकडूनच पुसून घेतले.

शेवटी बायकोनं तोंड उघडलं. "अहो, बूट चावतात तिला. मोज्याला रक्त लागलंय."

"मला शिकवतेस? दिवसभर पोरांचेच पाय हाताळतो मी." त्यानं लेकीला समोर उभं केलं, वाकून अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "ही बघ जागा. कापूससुद्धा आहे अजून. नाटकं आहेत सगळी, नवे हवेत म्हणून."

बोटं सरळ कर, असं तो म्हणाला नाही. ते गिऱ्हाइकांच्या पोरांना म्हणायचं. आणि आत कापूस नव्हता, मुडपलेली बोटं होती. सरळ राहायला जागाच नव्हती म्हणून मुडपलेली. लेक खाली बघत राहिली, चकार शब्द बोलली नाही. बायकोनं पुन्हा विषय काढला नाही. तिचंही चुकलंच.

पोरगी अनवाणी मात्र सुसाट पळायची. अकराव्या वर्षी तिची शाळेच्या रिलेच्या संघात निवड झाली. संघातल्या मुलींना शाळेकडून पळायचे बूट मिळणार होते. नवे, आणि बापाला न विचारता. आनंदानं तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

खेळाच्या बाई चौघींना घेऊन निघाल्या, त्या थेट अंगठेकाकांच्याच दुकानात. माप घ्यावं तर त्यांनीच, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तिघींचं झालं. लेक शेवटी बसली. "आज घरचंच गिऱ्हाईक," मालक गल्ल्यावरून उठून आले. बापानं तिचे स्नीकर काढले, मोजे काढले, पाय पाटीवर ठेवला. बोटं आत वळलेली. घोट्यावर टिचकी बसली. "बोटं सरळ."

बोटं हलली नाहीत. चारचौघांत त्याला ओशाळल्यासारखं झालं, आपलंच पोर आणि असलं. "सरळ कर म्हटलं ना," म्हणत त्यानं अंगठ्यानं बोटं पाटीवर दाबून धरली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं अंगठा काढला, बोटं पुन्हा आत.

"सरळच आहेत, बाबा," ती हळूच म्हणाली. "एवढीच होतात."

बाई खाली बसल्या. एक बोट हातात घेऊन बघितलं, दुसरं बघितलं. मग यादी काढून नाव खोडलं. "हिला आधी डॉक्टरकडे न्या. पळायचं नंतर बघू."

"आणि माझे बूट?" लेकीनं विचारलं.

"संघातल्या मुलींनाच असतात गं ते."

मालकांचं लक्ष भलतीकडेच. त्यांनी तिचे जुने स्नीकर उलटे केले होते. "तीन वर्षं वापरले? आणि नक्षी जशीच्या तशी? काका, हे काचेत ठेवू या. पाटी तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर छान आहे."

त्यानं लिहिली. आधी ‘रोजच्या’ या शब्दावर हात अडला, मग लिहून टाकलं, तीन वर्षं रोजच्या वापरातला जोड. लेक अनवाणीच मैत्रिणींच्या मागून गेली. चवड्यांवर जोर न देता, टाचांवर.

दुसऱ्या दिवशी एक बाई मुलाला घेऊन आली आणि काचेपाशी थांबली. "असेच द्या. दोन नंबर मोठे. पण काका, खरंच तीन वर्षं घातले का हो कुणा पोरानं? पाय वाढला असेल की. काही बोललं नाही?"

तो स्टुलावर बसला होता, मुलाचा पाय मांडीवर घेऊन.

"नाही," तो म्हणाला. "चकार शब्द नाही." आणि खोकं आणायला उठला.