फॉल्ट कुणाच्या बाजूला

आमची मुलगी रुचा गटाराची झाकणं बनवते. हावड्याच्या एका फाउंड्रीत ती इंजिनिअर आहे, आणि तिच्या देखरेखीखाली ओतलेल्या झाकणांवरून तीन देशांतले लोक रोज चालतात. त्यांना याची कल्पना नाही, तो त्यांचा दोष. एका मराठी वाहिनीला मात्र कल्पना होती. रविवारी सकाळी अकराला, फाउंड्रीतूनच, थेट मुलाखत. सात मिनिटं.

कोलकात्यात जन्मलेल्या रुचाचं मराठी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात चालतं तेवढंच. ती सलग सात मिनिटं मराठीत बोलणार, हे माझ्या आईला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मी शनिवारीच ती वाहिनी सेट टॉप बॉक्सवर सुरू करून घेतली आणि शेजारच्या सान्यालबाबूंना सहकुटुंब बोलावून ठेवलं.

अकराला रुचा पडद्यावर आली. डोक्यावर हेल्मेट. तोंड हललं. आवाज नाही.

"माशिमा, काय म्हणतेय ती?" सान्यालबाबूंनी आईला अदबीने विचारलं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला, बॉक्सचा वाढवला, वायर काढून पुन्हा खोचली, शेवटी बॉक्सला एक चापट मारली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. बिघाडाची ऐतिहासिक कारणं मला सांगता येतात.

"नंतर यूट्यूबवर येईलच की," मी म्हणालो. आईने आणि माझ्या बायकोने, कादंबरीने, माझ्याकडे पाहिलं. यूट्यूबचा विषय संपला.

"अजेय, सरक," आई म्हणाली.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर एकतीस वर्षं होती. अर्ध्या शहराच्या मुक्या फोनांचे फॉल्ट तिने खुर्चीतून न उठता शोधले आहेत. आत्ताही ती उठली नाही.

"दुसरं काहीतरी लाव."

मी बंगाली बातम्या लावल्या. त्या लगेच ओरडायला लागल्या.

"म्हणजे टीव्ही बरा, वायर बरी. पुन्हा रुचा लाव. आता पलीकडचं टोक बघू." तिने पुण्याला माझ्या बहिणीला फोन लावला. "आशा, तुमच्याकडे आवाज आहे?"

"आहे ना! काय बोलतेय गं पोरगी! थांब, फोन टीव्हीपाशी धरते."

"नको," म्हणून आईने फोन ठेवला.

"अहो आई, निदान ऐकायला तरी मिळालं असतं!" कादंबरी कळवळली.

"उसनं कशाला ऐकायचं? फॉल्ट आपल्या बाजूला आहे."

घड्याळात तीन मिनिटं गेली होती. पडद्यावर रुचा हाताने मोठं वर्तुळ काढून काहीतरी समजावत होती. सान्यालबाबू मान डोलावत होते.

"बाकीच्या वाहिन्या बोलतात, ही एकटीच गप्प," आई म्हणाली. "म्हणजे हिचा आवाज वेगळ्या तऱ्हेने येतोय, बॉक्स तो तसाच पुढे ढकलतोय, आणि आपल्या जुन्या टीव्हीला तो उलगडत नाही. सेटिंगमध्ये जा. आवाजापुढे काय लिहिलंय?"

"डॉल्बी."

"त्याच्या खाली?"

"पीसीएम. पण आई, डॉल्बी जास्त भारी असतं."

"असेल. समोरच्याला कळायला नको? तुझ्या विद्यार्थ्यांना विचार."

मी साधं पीसीएम निवडलं.

"...चौकोनी झाकण तिरकं झालं तर आत पडू शकतं," रुचा आमच्या दिवाणखान्यात म्हणाली. "गोल झाकण कसंही फिरवा, पडत नाही."

कादंबरीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. उरलेली तीन मिनिटं रुचा अडली नाही. एकदा साच्याला ती बंगालीत 'छाँच' म्हणाली, तेव्हा सान्यालबाबूंनी आपल्या बायकोकडे असं पाहिलं की जणू मुलगी त्यांनीच वाढवली. आई ताठ बसून ऐकत होती. टेस्ट डेस्कवरही ती अशीच बसत असावी.

पाच मिनिटांनी रुचाचा फोन आला.

"आजी, ऐकलंस? कसं झालं?"

"तीन मिनिटं ऐकलं. एक शब्द बुडाला नाही."

"तीनच? आणि आधीचं?"

"आमच्या बाजूला फॉल्ट होता. मी काढला," आई म्हणाली. तिने ते 'मी' जरा सावकाश उच्चारलं. "आधीचं संध्याकाळी घरी येऊन बोलून दाखव. सान्यालबाबू सात वाजता येतायत."

आपण सात वाजता येतोय, हे सान्यालबाबूंना तेव्हाच कळलं. त्यांनी लगेच मान डोलावली.